हात वर

जुफैरच्या आमच्या टॉवरमध्ये
वार्षिक सभेला कुणीच हात वर करेना
म्हणून मी केला.
मराठीत हात वर करणं म्हणजे
अंग काढून घेणंसुद्धा,
हे तिथे कुणाला सांगत बसणार?

शनिवारी दहाला नव्या सभासदांचं प्रशिक्षण.
मेझनिनवर, जिमला लागून असलेली खोली,
भिंतीपलीकडे ट्रेडमिलची धपधप.
आम्ही पाच जण. खजूर, वेलचीची कॉफी, कोऱ्या वह्या.
जलीला अल-सफ्फार, निवृत्त इंजिनियर,
अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत सारून म्हणाल्या,
वह्या राहू द्या. चला.

तळघरात नेलं.
हा फायर पंप. हा डिझेलवरचा, वीज गेली तर.
शेवटचा कधी चालवून पाहिला?
डॉक्टर मुतसिम माझ्याकडे बघतात,
मी रोवेनाकडे, रोवेना पंपाकडे.
मागून वॉचमन मोफिज्जुल हळूच,
रमजानच्या आधी, मॅडम. गुरुवार होता.
जलीलाबाई वळल्या.
तुमच्या इतिवृत्तांत
याचं नाव एकदा तरी आलंय?

वर येऊन मग आकडे.
सिंकिंग फंड,
नाव बुडण्याचं, काम तरंगत ठेवण्याचं.
चिलर पंधरा वर्षांचा सोबती, आमच्याला चौदावं लागलेलं,
आणि फंडात एका कॉम्प्रेसरपुरतेही दिनार नाहीत.
मी फार्मसीत गोळ्या मोजणारी बाई.
कमी पडलेलं मला लगेच कळतं.

तेवढ्यात थकबाकीची यादी फिरली,
नावांवर काळी पट्टी, फक्त फ्लॅटचे नंबर.
सरावासाठी म्हणून खरीच यादी.
अकराशे चार.
तीन तिमाह्या. सहाशे बारा दिनार.

नंबर वाचला आणि मला कोथिंबीर दिसली,
रंगाच्या रिकाम्या डब्यातली, बाल्कनीत,
कलम बावीसनुसार मनाई असलेली.
उल्का पेडणेकर.
नवरा फेब्रुवारीपासून घरी.
वर्क फ्रॉम होम, असं ती सांगते,
आणि मी, कसं छान गं, म्हणते.
तिसऱ्या मजल्यावरून अकराव्यावर
मी रिकामी वाटी नेते, भरलेली आणते,
एवढ्या ये-जेत कधी विचारलं नाही.

ठराव होता: नोटीस द्यावी, की हप्ते बांधून द्यावेत?
जलीलाबाई म्हणाल्या,
कुणाचा संबंध असेल तर तोंडाने सांगा,
वहीत लिहा, आणि उठा.
विरोध करायचा असेल तरी उठा.
मदत करायची असेल तर आधी उठा.

मी दुसऱ्यांदा हात वर केला.
माझी मैत्रीण आहे.
तेवढंच म्हटलं,
आणि काळ्या पट्टीखालचं नाव
खोलीभर मोठ्याने वाचल्यासारखं झालं.
माझ्या मैत्रिणी या इमारतीत किती,
सगळ्यांना ठाऊक.

आता मी दाराबाहेर.
आईच्या माहेरी बायका चार दिवस बाहेर बसायच्या,
कशाला शिवायचं नाही, वरून पाणी वाढलेलं घ्यायचं.
त्यावर कॉलेजात मी तावातावाने भाषण केलं होतं,
बक्षीस म्हणून शाईचं पेन मिळालं होतं.
आज हे नवं सोवळं
माझं मीच पाळतेय, नियम बरोबर आहे म्हणून.
तो बरोबरच आहे.
म्हणून तर उभं राहणं जड जातंय.

फोन थरथरतो. उल्का.
वर येतेयस ना? जुडी काढून ठेवलीय,
उन्हाने पिवळी पडायच्या आत ने.

लिफ्ट येते, उघडते, कुणी नाही, मिटते.
छतावरचा चिलर इथवर ऐकू येतो,
म्हातारा कण्हत का होईना, चालू आहे.

दाराची काच दुधी.
आत चार सावल्या.
त्यातल्या तिघींचे हात वर गेलेत,
आणि दोन अर्थांपैकी कुठला,
ते इथून दिसत नाही.